वेचाईच्या गुहेतली साळुंकी

एका राज्यात दिवेलागणीला नगारा वाजे आणि नगारा वाजला की सगळं राज्य खाली वाके. शेतकरी आपलं खुरपं उचली, सुतार आपला रंधा उचली, बायका अंगणातली सुपं-टोपल्या उचलत आणि पोरंटोरं आपले भोवरे, चिंचोके, बाहुल्या गोळा करीत. ज्याचं त्यानं उचलायचं, असा तिथला रिवाज होता. कारण राज्याच्या उत्तरेला एक डोंगर होता आणि त्या डोंगरातल्या गुहेत वेचाई राहत असे. नगारा थांबल्यावर जे जमिनीवर बेवारस पडून राहील ते वेचाईचं, असा तिचा आणि राज्याचा फार जुना करार होता. तिच्या टिटव्या येत, पडलेली वस्तू उचलत आणि उडून जात. वेचाईला कुणी चोर म्हणत नसे. नगारा सगळ्यांना ऐकू येई.

तर सगळं राज्य वाके, फक्त राजवाडा वाकत नसे. राजवंशातल्या माणसानं जमिनीवरचं काही उचलू नये, त्यानं मुकुटाची शोभा जाते, असं कुणा पूर्वजानं ठरवून ठेवलं होतं. असले नियम पाळायला फार काही लागत नाही, नोकर तेवढे पुष्कळ लागतात. ते राजवाड्यात होते.

राजाचं नाव वीरभानू. त्याची राणी यशोमती तापानं गेली, त्याला काही वर्षं झाली होती. मागे राहिली एकुलती एक लेक, कौमुदी. राजाचा तिच्यावर असा जीव की तिच्या हातून फूल गळलं तरी राजाचा हात आधी पुढे होई. पण राजाला वाकायची बंदी. म्हणून त्यानं टोपल्या घेतलेले वेचकरी लेकीच्या मागे ठेवून दिले होते. कौमुदी पुढे चाले आणि तिच्यामागे वस्तू सांडत जात. कारंज्यापाशी शेला, जिन्यात जोडा, झोपाळ्यावर कंकण, हत्तीखान्यात चेंडू. वेचकरी उचलत, पुसत, नेऊन फडताळात ठेवत.

पोर वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. लाघवी होती, उदार होती, माळ्याच्या मुलींना आपल्या ताटातला लाडू काढून देणारी होती. पण वस्तू नकोशी झाली की बोटं उघडायची, एवढंच तिला येत होतं. पडलेली वस्तू पुढे कुठे जाते, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. गुरं जशी संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात येतात, तशा वस्तूही घरी येत असाव्यात, असं ती धरून चालली होती.

कौमुदीची एक साळुंकी होती, पिंगा नावाची. राणीनं ती पिल्लू असल्यापासून आपल्या हातानं दाणे भरवून वाढवली होती आणि साळुंकीनं राणीचा आवाज उचलला होता. राणी गेली, आवाज राहिला. रोज सकाळी पिंगा पिंजऱ्यातून म्हणे, "कौमुदी, वेणी घालायची ना?" रोज संध्याकाळी म्हणे, "दूध आधी, खेळ मग." कौमुदीला आईचा चेहरा आता नीट आठवत नसे, पण आवाज रोज कानावर पडे. दरबार उठला की राजाही येऊन पिंजऱ्यापाशी बसे आणि पुष्कळ वेळ नुसता ऐकत राही. ते बोलणं आता जगात दुसरीकडे कुठेच उरलं नव्हतं.

वसंतोत्सव आला. राजानं वेचकऱ्यांना सुट्टी दिली. कौमुदी पिंगाला घेऊन कमळतळ्यावर गेली, पिंजरा पायरीवर टेकवला आणि मोर दिसला म्हणून त्याच्यामागे पळाली. मोरावरून झोपाळा, झोपाळ्यावरून मिठाई. नगारा वाजला. सगळं राज्य वाकलं. पिंजरा पायरीवर राहिला.

जेवायला बसल्यावर कौमुदी इकडेतिकडे बघून म्हणाली, "आबा, पिंगा अजून आली नाही."

"कुठे ठेवलीस तिला?"

"ठेवली कुठे? तळ्यावर होती."

राजाच्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दरबारात एक टिटवी उडत आली आणि सिंहासनासमोर उतरून बोलू लागली. पक्षी बोलतो याचं त्या दरबारात कुणाला नवल वाटलं नाही. काय बोलतो याचीच सगळ्यांना धास्ती होती.

"राजा, साळुंकी वेचाईपाशी आहे."

"तिच्या वजनाच्या शंभरपट सोनं देतो."

"वेचाई पडलेलं घेते, दिलेलं घेत नाही. ज्याची वस्तू त्यानं स्वतः यावं. येत्या अमावास्येला नगारा थांबला की साळुंकी मालकिणीला विसरेल आणि तिच्या जिभेवरचं सगळं बोलणं पुसलं जाईल."

कौमुदी राजाच्या मांडीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "आईचं बोलणंसुद्धा?"

"सगळं," टिटवी म्हणाली.

राजा म्हणाला, "मी लेकीबरोबर येईन."

"यावं. पण तिचं काही उचलू नये. उचललंत तर ते तुम्हाला चिकटेल आणि तिच्याखेरीज कुणाला सोडवता येणार नाही." एवढं बोलून टिटवी उडून गेली.

आता राजाला ही अट कळली नाही असं नाही. चांगली कळली. पण अट कळणं वेगळं आणि बापाचा हात आवरणं वेगळं. डोंगराच्या वाटेवर पहिलाच ओढा लागला. कौमुदीनं पाण्यात पाय घातले, शेला काठावर टाकला आणि तशीच पलीकडे गेली. राजानं मागेपुढे पाहिलं. नियम करणारे पूर्वज तिथे नव्हते, दरबारी नव्हते. तो हळूच वाकला आणि शेला उचलून खांद्यावर घेतला. शेला खांद्याला घट्ट चिकटला.

पुढे आंब्याखाली ती झारी विसरली. राजानं झारी उचलली, ती उजव्या तळव्याला चिकटली. खडकाळ चढणीवर तिनं जोडे काढून टाकले. एक राजाच्या कोपराला बसला, दुसरा डाव्या हाताला. मग चेंडू, मग बाहुली, मग अर्धा खाल्लेला पेरू. दुपारपर्यंत राजा वीरभानू चालता बाजार दिसू लागला. कौमुदीनं वळून पाहिलं आणि ती पोट धरून हसली.

"आबा, हे काय सोंग?"

"सोंग नव्हे. निघत नाही."

राजाला तहान लागली होती, पण दोन्ही हात गुंतलेले. कौमुदीनं ओंजळीत पाणी आणून त्याच्या ओठांना लावलं. पाणी पाजताना तिचं हसू मावळलं. तिनं त्याच्या खांद्यावरचं वस्त्र ओढून पाहिलं. ते हललं नाही.

"हा शेला कुणाचा आहे?" तिनं विचारलं.

"तुझा."

"माझा?" कौमुदी चकित झाली. रोज अंगावर असणारा आपला शेला तिनं ओळखला नव्हता. राजाला ते शेल्याच्या ओझ्याहून जास्त लागलं.

असे ते गुहेपाशी पोचले. मुक्काम करीत, थांबत, रडत, चुकत पोचले, तेव्हा अमावास्येची सकाळ उजाडली होती.

वेचाई गुहेच्या दारात बसून कुणाची तरी फाटकी गोधडी शिवत होती. तिच्याभोवती खडीत टिटव्यांची अंडी उघड्यावर पडलेली होती. ती उठली आणि एकाही अंड्याला धक्का न लावता त्यांच्यामधून चालत आली. म्हातारी होती, उंच होती, आणि तिच्या डोळ्यांत राग अजिबात नव्हता. गुहेत पाहावं तिकडे वस्तू. भोवरे, छत्र्या, विळे, पैंजण, बासऱ्या, पाळण्यावर टांगायची चिमणाळी. सगळं झाडलेलं, पुसलेलं, नीट मांडलेलं. मधोमध एक रत्नजडित मुकुट होता.

राजा थबकला. "हा मुकुट मी चित्रात पाहिला आहे."

"तुझ्या पणजोबांचा," वेचाई म्हणाली. "पडलेलं कर्णफूल उचलायला वाकले, तेव्हा डोक्यावरून घसरला. लोक हसले. ते रागानं तिथेच ताठ उभे राहिले, सेवक येईपर्यंत. सेवक जेवत होते. नगारा थांबला. मग त्यांनी दुसरा मुकुट केला आणि न वाकायचा नियमही केला."

राजानं आपल्या मुकुटाला हात लावून पाहायचं मनात आणलं, पण हाताला झारी होती.

वेचाई कौमुदीकडे वळली. "तीन गोष्टी करशील तर साळुंकी तुझी. ओळख सांग, निगा राख, घरी ने. पहिली ओळख. वडिलांच्या अंगावर तुझं जे आहे ते सोडव. रंग सांगू नकोस, नाव सांगू नकोस. तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नसेल ते सांग."

कौमुदी बापासमोर मांडी घालून बसली आणि आपल्या वस्तूंकडे जन्मात पहिल्यांदा पाहू लागली. पुष्कळ वेळ तिला काही सुचेना. शेला म्हणजे शेला, झारी म्हणजे झारी. मग शेल्याच्या पदराशी तिला एक तपकिरी डाग दिसला. ती पुटपुटली, "आजारी असताना मी चोरून चिंच खाल्ली होती. हात इथे पुसला." शेला राजाच्या खांद्यावरून घरंगळला आणि तिच्या मांडीत पडला.

मग तिला सुचत गेलं. झारीच्या बुडाला पोचा होता, कारण ती झारी पायऱ्यांवर वाजवत जिना उतरायची. एका जोड्याचं टोक झिजलं होतं, कारण झोपाळा ती त्याच पायानं थांबवी. बाहुलीची एक वेणी आखूड होती, कारण ती हिनंच कापली होती आणि आळ मांजरावर घातला होता. "मांजरानं वेणी कापली, हे मीही मानलं होतं," राजा म्हणाला. एकेक वस्तू सुटत गेली. तिच्याच खोड्या त्या वस्तूंवर उमटलेल्या होत्या आणि इतके दिवस तिनं एकही पाहिली नव्हती. पेरू तेवढा सुटता सुटेना. शेवटी ती म्हणाली, "तो आत किडका होता. म्हणून टाकला." मग तोही पडला.

"दुसरी, निगा," म्हणत वेचाईनं पिंजरा पुढे ठेवला.

पिंगा आत होती. पण कौमुदीला पाहून ती फडफडली नाही. एका डोळ्यानं परक्यासारखी पाहत राहिली. "कौमुदी, वे..." एवढं म्हणाली आणि थांबली.

"ती मला विसरली?" कौमुदीनं विचारलं.

"अर्धी," वेचाई म्हणाली. "पिंजऱ्याचं दार मोडलं आहे. वाटी कोरडी आहे. तळ घाण आहे. मी पडलेल्या वस्तूंची निगा राखते, पण ही तुला परत हवी असेल तर हे काम तुझं."

पिंजरा धुवावा लागतो, हे कौमुदीला ठाऊक नव्हतं. तिनं नाक मुरडलं, मग नाक मुरडूनच धुतला. वाटीत पाणी भरलं, दाणे पाखडले. दाराला दोरी बांधायला घेतली तर गाठ बसेना. एकदा सुटली, पुन्हा सुटली. बोट सोललं आणि डोळे भरून आले. तिनं बापाकडे पाहिलं. राजाला युद्धातल्या गाठी येत होत्या, नावेच्या गाठी येत होत्या. ही गाठ त्यानं डोळे मिटून मारली असती. तो आपल्या दोन्ही हातांवर बसला आणि म्हणाला, "खालून घालून बघ, बाळ." तिनं खालून दोरी घातली. गाठ बसली. वेडीवाकडी होती, पण बसली.

"तिसरी," वेचाई म्हणाली. "आज नगारा थांबायच्या आत, हे सगळं आपलं आपण वागवत डोंगर उतर. माझी हद्द पायथ्याच्या वडापर्यंत आहे. आणि राजा, तू नीट ऐक. साळुंकी पडली आणि तू उचललीस, तर ती तुझ्या हाताशी राहील. माझे पक्षी तिला नेणार नाहीत. पण ती पुन्हा कधी बोलणार नाही."

राजानं मान डोलावली.

उतरताना कौमुदीनं शेल्यात चेंडू आणि बाहुली बांधून ते गाठोडं पाठीला मारलं, झारी कमरेला अडकवली, जोडे पायात घातले आणि पिंजरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. राजा तिच्यामागून रिकाम्या हातांनी चालत होता. चालणं त्याला कुठल्या मोहिमेतही इतकं जड गेलं नव्हतं. ती दमे, बसे, गाठोडं उतरवी, उठताना पुन्हा बांधी. एकदा झारी विसरून पुढे गेली आणि आठवली तशी धापा टाकत मागे जाऊन घेऊन आली. राजा झारीशेजारीच उभा होता. त्यानं तिला आठवण करून दिली नव्हती. फक्त तो तिथून हलला नव्हता, एवढी लबाडी त्याला माफ करायला हवी.

वड दिसू लागला. सूर्य टेकला होता. आणि नगरातून नगाऱ्याचा पहिला ठोका ऐकू आला.

कौमुदी पळू लागली. नको होतं पळायला. खडी पायाखालून सरकली, ती गुडघ्यावर आपटली आणि पिंजरा हातातून सुटून गडगडत खाली गेला. जाऊन थांबला तो नेमका राजाच्या पायाशी, कारण राजा तिला सावरायला वाट सोडून खाली धावला होता. वडापाशी टिटव्या जमल्या होत्या. नगारा वाजत होता, पण आता घाईत, थांबण्याआधी वाजतो तसा.

कौमुदीचा गुडघा फुटला होता. "आबा, द्या ना उचलून," ती रडत म्हणाली.

राजानं खाली पाहिलं. हात खाली नेला असता तर साळुंकी वाचली असती. मुकी का होईना, यशोमतीनं वाढवलेली ती साळुंकी घरी आली असती. न उचलावी आणि लेक वेळेत न पोचावी, तर काहीच उरणार नव्हतं. त्याची बोटं पुढे झाली. पाहता पाहता गुडघेही वाकले. मग त्यानं दोन्ही हात मागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

"नाही, बाळ," तो म्हणाला. "तुझी आहे ती. ये. मी इथेच आहे."

कौमुदी उठली. पडली. हातांवर रांगत आली, शेवटची खडी घसरत आली. राजापाशी पोचली आणि वाकली. चार पिढ्यांत त्या घराण्यातलं कुणी उघडपणे असं वाकलं नव्हतं. तिनं पिंजरा उचलून छातीशी धरला आणि वडाची सावली ओलांडली. तिच्या पाठोपाठ राजानंही ओलांडली.

नगारा थांबला. टिटव्या वडावरून एक फेरी मारून डोंगराकडे परत गेल्या.

पिंगा गप्प होती. कौमुदीनं पिंजरा डोळ्यांसमोर धरला. "पिंगा, वेणी घालायची ना?" तिनं विचारलं. साळुंकी बोलली नाही. "दूध आधी?" साळुंकी बोलली नाही.

मग साळुंकीनं पंख झाडले, मान वळवली आणि राजाच्या मागे धरलेल्या हातांकडे पाहिलं. आणि राणी यशोमतीच्या आवाजात, अर्धं रागावून, अर्धं हसून ती म्हणाली, "अहो, थांबा. तिला करू द्या. जमेल तिला."

राजा जागच्या जागी उभा राहिला. हे वाक्य तो पार विसरून गेला होता.

"आई असं कधी म्हणायची?" कौमुदीनं विचारलं.

"तू चालायला शिकत होतीस तेव्हा. पडलीस की मी धावायचो."

"मग?"

"मग ती माझा शेला धरून ठेवायची. मला तिचा फार राग यायचा."

एवढं सांगून राजा वडाच्या पारावर बसला आणि लेकीसमोर मोकळेपणानं रडला. कौमुदीनं पिंजरा शेजारी टेकवला, त्याच्या कडीत एक बोट अडकवून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं बापाचे डोळे पुसले. पिंगाला मग एकेक बोलणं आठवत गेलं. वेणी आठवली, दूध आठवलं, कौमुदीनं कधी न ऐकलेलं एक गाणंही आठवलं.

दुसऱ्या संध्याकाळी नगारा वाजला तेव्हा राजवाडाही वाकला. राजा स्वतः आधी वाकला, सवय नव्हती म्हणून कण्हत वाकला, आणि त्याचा मुकुट घसरून फरशीवर पडला. कुणी हसलं नाही. कौमुदी तेवढी हसली. राजानं मुकुट उचलला, झटकला, डोक्यावर ठेवला आणि तोही हसला. वेचकऱ्यांना टोपल्या ठेवून द्यायला सांगितलं आणि दिवेलागणीला आपापल्या घरी जायची मोकळीक मिळाली. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपली पोरं त्या वेळी जागी असलेली फार वर्षांनी पाहिली.

कौमुदी एका दिवसात शहाणी झाली, असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नका. महिन्याच्या आतच एक जोडा जिन्यात राहिला आणि डोंगरावर गेला. राजानं नवा करून आणला नाही. आणावासा फार वाटला, चांभारापर्यंत जाऊन तो दोनदा परत आला. कौमुदी एका पायात जोडा घालून निघाली. ती परत येईपर्यंत राजाचं दरबारात लक्ष लागलं नाही. तो सारखा उत्तरेच्या खिडकीत जाऊन उभा राही आणि पिंगा त्याला तेच एक वाक्य ऐकवी.

ती परतली तेव्हा तोंड उन्हानं लाल झालं होतं आणि जोडा हातात होता. राजानं धावत जाऊन विचारलं, "फार चढ होता का?"

"होता," कौमुदी म्हणाली. तिनं जोडा पुसला, जोडीदाराशेजारी कोनाड्यात ठेवला आणि बापाजवळ जेवायला बसली.

अशी रीत त्या राज्यात नांदली. ऐकणाऱ्यांच्या घरीही नांदो.